दिनमान, पाण्याचे तापमान आणि मेदाका माशांचे बदललेले वागणे

प्रश्न : नागोयाकर

नमस्कार. मी सहा वर्षांपासून जपानमधील नागोया शहरात राहतो आणि गेली तीन वर्षे बाल्कनीतील एका मोठ्या टबमध्ये मेदाका पाळतो. ज्यांना हा मासा परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो की मेदाका हा भातखाचरांत आणि संथ ओहोळांत राहणारा, तीन-चार सेंटीमीटर लांबीचा मासा असून जपानी घरांत तो पंप किंवा हीटर न लावता उघड्यावर पाळण्याची रीत आहे. हिवाळ्यात पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला तरी तो तळाशी तग धरून राहतो. माझ्याकडे सध्या चौदा मासे आहेत.

मला पडलेला प्रश्न मे आणि सप्टेंबर या दोन महिन्यांच्या तुलनेतून निर्माण झाला. मी रोज सकाळी सातच्या सुमारास पाण्याचे तापमान टिपून ठेवतो. यंदा मे महिन्याच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या अखेरीस ते जवळजवळ सारखेच, म्हणजे २१ ते २३ अंश सेल्सिअस होते; तरीही दोन्ही वेळचे मासे एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसू नये इतके वेगळे वागत होते. मे महिन्यात नर मादीभोवती घिरट्या घालत असत, दुसरा नर जवळ आला की मध्ये शिरून त्याला हुसकावून लावत असत, आणि बहुतेक दिवशी सकाळी एखाद्या तरी मादीच्या पोटाला अंड्यांचा घोस लटकलेला दिसत असे. सप्टेंबरच्या अखेरीस अंडी बंद झाली, पाठलाग थांबला आणि एरवी टबभर विखुरलेले मासे एकमेकांना धरून, एकाच दिशेला तोंड करून राहू लागले. खाद्य टाकल्यावरचा फरक तर मला अधिकच विचारात पाडणारा वाटला. मे महिन्यात एखादा मासा लगेच वर येत असे आणि बाकीचे त्याच्यामागून धावत असत. आता मात्र कितीतरी वेळ कोणीच पुढे होत नाही, आणि निघालेच तर सगळे एकदम निघतात.

नागोयात जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेचौदा तासांचा आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस पावणेदहा तासांचा असतो. मे महिन्याच्या अखेरीस दिवस सव्वाचौदा तासांचा असतो, तर सप्टेंबरच्या अखेरीस तो बारा तासांवर आलेला असतो. आमच्या घरी भिंतीवरच्या पंचांगात रोजचे दिनमान, म्हणजे दिवसाची लांबी, छापलेले असे आणि त्याचा नेमका कोणाला उपयोग होत असेल, असे मला लहानपणी नेहमी वाटत असे. आता तो बहुधा माशांना होत असावा, असे वाटू लागले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हा बदल केवळ दिनमानामुळे झाला असे म्हणता येईल का? थव्यात राहायचे की वेगळे व्हायचे, खाद्याकडे पुढे जायचे की थांबायचे, या गोष्टींना माशाचा ‘निर्णय’ म्हणणे योग्य ठरेल का? आणि डिसेंबरमध्ये टबवर दिवा लावून दिवस चौदा तासांचा केला, तर मे महिन्यातील वागणे परत दिसेल का?

उत्तर : ऋतुवेध

नमस्कार. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि माशांचे ऋतुचक्र हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

सारख्या तापमानाचे दोन महिने शोधून त्यांची तुलना करण्याची आपली कल्पना चांगली आहे, कारण निसर्गात दिवस मोठा होणे आणि पाणी तापणे या दोन गोष्टी जवळजवळ नेहमीच एकत्र चालतात आणि त्यांना वेगळे करणे हीच या विषयातील मुख्य अडचण आहे. मात्र आपल्या तुलनेत दोन फटी राहतात. मे महिन्यातील पाणी तापत जाणारे असते आणि सप्टेंबरमधील निवत जाणारे, त्यामुळे थर्मामीटरवरचा आकडा सारखा असला तरी माशाने मागील महिनाभर अनुभवलेले तापमान सारखे नसते. शिवाय सप्टेंबरमधील मादी चार-पाच महिने जवळजवळ रोज अंडी घालून थकलेली असते. तरीही आपला अंदाज मुळात बरोबर आहे, असे मला वाटते, कारण प्रयोगशाळेत तापमान स्थिर ठेवून केवळ उजेडाचे तास बदलले तरी मेदाकाचे प्रजनन सुरू किंवा बंद करता येते. म्हणूनच मेदाका पाळणाऱ्या प्रयोगशाळांतून चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार हे वेळापत्रक वर्षभर ठेवले जाते.

मासा दिवस मोजतो कसा, हे आधी पाहू. उत्तर केवळ डोळ्यांत नाही. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९११ मध्येच दाखवले होते की आंधळ्या केलेल्या मिनो या लहान माशाच्या डोक्यावर प्रकाश पडला तरी त्याच्या त्वचेचा रंग बदलतो, म्हणजे कवटीच्या आतही प्रकाश ओळखणारे काहीतरी आहे. मेंदूतील पिनियल ग्रंथी रात्रभर मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते, म्हणून रात्रीची लांबी रक्तात उमटलेली असते. त्याशिवाय अनेक माशांच्या मेंदूच्या तळाशी, पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या मागे, रक्तवाहिन्यांनी भरलेली एक लालसर पिशवी असते. सॅकस व्हॅस्क्युलोसस नावाचा हा अवयव शरीररचनाशास्त्रज्ञांना कित्येक शतके माहीत होता, पण त्याचे काम काय हे कोणालाच कळले नव्हते. २०१३ मध्ये आपल्याच नागोया विद्यापीठातील ताकाशी योशिमुरा यांच्या गटाने मासू सामन माशावर काम करून दाखवले की ही पिशवी ऋतू ओळखण्याचे काम करते. ती शरीराबाहेर काढून पात्रात ठेवली तरी उजेडाच्या तासांना प्रतिसाद देते, आणि ती काढून टाकलेल्या माशाच्या जननग्रंथी दिवसाच्या लांबीला दाद देईनाशा होतात. पक्ष्यांत आणि सस्तन प्राण्यांत जे काम पीयूषिका ग्रंथीचा एक विशिष्ट भाग करतो, ते या माशांत ही पिशवी करते. (सर्वच माशांना ती असते असे नाही, काहींत तिचा मागमूसही नसतो, त्यामुळे एका माशावरून सर्व माशांविषयी बोलण्याचा मोह टाळावा.)

आता वागण्याकडे येते. सुदैवाने आपल्याच माशावर, आणि आपल्याच परिसरात, उत्तम काम झालेले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हाळी आणि हिवाळी परिस्थितीत ठेवलेल्या मेदाकांना संगणकावर तयार केलेले आभासी मेदाका दाखवण्यात आले. उन्हाळी मासे विणीच्या रंगातील आभासी माशाकडे ओढले गेले, तर हिवाळी माशांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. कारण शोधता असे आढळले की हिवाळी माशांच्या डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या ऑप्सिन प्रथिनांची आणि त्यापुढील साखळीतील इतर घटकांची जनुके मंदावलेली होती. मला या निष्कर्षाचे महत्त्व फार वाटते. थव्यातला एखादा मासा दुसऱ्याकडे जातो की नाही यावरून आपण त्याच्या ‘निवडी’विषयी बोलतो, परंतु त्याला समोरचा मासा जसा पूर्वी दिसत होता तसाच आता दिसतो, हे आपण न तपासता गृहीत धरलेले असते. आपल्या टबमधील नर सप्टेंबरमध्ये मादीकडे दुर्लक्ष करतो, याचा एक अर्थ असाही असू शकतो की ती त्याच्या नजरेत पूर्वीइतकी भरतच नाही.

२०२० च्या दुसऱ्या अभ्यासाचा आपल्या प्रश्नाशी अधिक थेट संबंध आहे. हिवाळी परिस्थितीतील मेदाकांची इतर माशांच्या जवळ जाण्याची ओढ कमी झाली होती आणि त्यांच्यात भित्रेपणाची लक्षणे वाढली होती. संशोधकांनी त्याचा संबंध पेशींना ऑक्सिडेशनच्या ताणापासून वाचवणाऱ्या एनआरएफ-२ या यंत्रणेशी जोडला, आणि चिनी औषधी वनस्पतीत सापडणारे सेलास्ट्रॉल हे द्रव्य दिल्यावर हिवाळी माशांचा मिळूनमिसळून राहण्याचा गुण सुधारला. मानवी हिवाळी नैराश्याशी त्याची तुलना करण्यात आली, त्यामुळे या अभ्यासाला बरीच प्रसिद्धीही मिळाली. मात्र या दोन्ही अभ्यासांत ‘हिवाळा’ म्हणजे लहान दिवस आणि थंड पाणी हे दोन्ही मिळून होते, त्यामुळे ‘दिवस लहान झाला म्हणून मासे एकलकोंडे झाले’ असे वाक्य त्यांवरून लिहिता येत नाही. बातम्यांत मात्र ते सर्रास लिहिले गेले.

केवळ उजेडाचे तास बदलून केलेल्या कामाचे उदाहरण म्हणून २०१९ चा अभ्यास पाहावा. त्यात लहान दिवसांतून मोठ्या दिवसांत नेलेल्या मेदाकांच्या मेंदूत एलडीएआयआर नावाचा, प्रथिन न बनवणारा आरएनए वाढत असल्याचे आढळले. हा आरएनए तयारच होणार नाही अशी जनुकीय योजना केलेल्या माशांचे मोठ्या दिवसांतील स्वसंरक्षणाचे वागणे बदलले. म्हणजे विणीच्या काळात धोका किती पत्करायचा आणि किती टाळायचा, याच्या मोजमापाला दिनमानाचा थेट हात लागतो. खाद्याकडे प्रथम कोण जातो, हे आपले निरीक्षण मी याच्या शेजारी ठेवीन. त्याचा पुरावा म्हणून नव्हे, तर तपासून पाहण्याजोगा धागा म्हणून.

एक प्रश्न मात्र मलाच आपल्याला विचारायचा आहे. आपल्या बाल्कनीजवळ रात्रभर जळणारा एखादा दिवा आहे का? हे विचारण्याचे कारण असे की पाठीवर तीन काटे असलेल्या तीनकाटी स्टिकलबॅक या लहान माशावर नेदरलंड्समध्ये बागरमन यांनी केलेल्या प्रयोगांतून दिसले आहे की मासा उजेडाच्या तासांची नुसती बेरीज करत नाही. त्याच्या शरीरातील घड्याळानुसार रात्रीचा काही भाग प्रकाशाला विशेष संवेदनशील असतो, आणि एकूण उजेड थोडाच ठेवून त्यातील लहानसा वाटा त्या नेमक्या वेळी दिला तरी माशाला मोठा दिवस असल्यासारखे वाटते. त्यामुळे पंचांगातील दिनमान आणि आपल्या टबमधील दिनमान एकच असेल, याची खात्री देता येत नाही.

उत्तर : नेमकेबोल

वरील माहिती उत्तम आहे, परंतु ‘निर्णय’ या शब्दाला माझी हरकत आहे. दिवस लहान झाला, संप्रेरके बदलली, मासा थव्यात गेला. यात ठरवणे कोठे आले? शेवंतीलाही दिवस लहान झाल्यावर फुले येतात, पण तिने फुलण्याचा निर्णय घेतला असे आपण म्हणत नाही. शास्त्रीय चर्चेत असे शब्द सैलपणे वापरू नयेत, असे मला वाटते.

उत्तर : फ्योर्डकाठी

मी मूळचा साताऱ्याचा असून सध्या नॉर्वेमध्ये सामन माशांच्या पिल्लांची पैदास करणाऱ्या केंद्रात काम करतो. नेमकेबोल यांची शंका रास्त आहे, परंतु आमच्या क्षेत्रात ‘निर्णय’ हा शब्द गेली काही दशके रुळलेला आहे आणि तो सैलपणे वापरला जातो असे मला वाटत नाही.

अटलांटिक सामनचे पिल्लू नदीत जन्मते आणि सुरुवातीला अत्यंत भांडखोर असते. अंगावर गडद पट्टे असलेले हे पिल्लू आपापला दगड आणि त्यामागचा प्रवाह धरून राहते आणि शेजाऱ्याला जवळ येऊ देत नाही. पुढे एका वसंतात त्याचे पट्टे लोपतात, अंग चंदेरी होते, खाऱ्या पाण्यात जगण्याची तयारी शरीरात होते, आणि कालपर्यंत शेजाऱ्याला चावणारा तोच मासा थव्यात सामील होऊन प्रवाहाबरोबर समुद्राकडे निघतो. सामाजिक वागण्यात इतका संपूर्ण पालट फार थोड्या माशांत पाहायला मिळतो, आणि त्याची वेळ मुख्यतः वाढत्या दिनमानावरून ठरते. पाण्याचे तापमान त्या बदलाचा वेग कमी-जास्त करते.

निर्णयाचा भाग याच्याही आधीचा आहे. स्कॉटलंडमध्ये थॉर्प, मेटकाफ, हंटिंगफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत दाखवले की एकाच आईबापांची, एकाच टाकीतील पिल्ले पहिल्या शरद ऋतूपर्यंत दोन गटांत विभागली जातात. एक गट खात राहतो, वाढत राहतो आणि येत्या वसंतातच समुद्राकडे जातो. दुसऱ्या गटाची भूक उन्हाळ्याचा मध्य ओलांडून दिवस लहान होऊ लागल्यावर मंदावते, आणि ती खाद्याच्या तुटवड्यामुळे नव्हे, कारण भरपूर खाद्य समोर असतानाही ही पिल्ले कमी खातात आणि आणखी एक वर्ष नदीत थांबतात. कोणते पिल्लू कोणत्या गटात जाईल, हे त्या वेळेपर्यंतच्या त्याच्या वाढीवर अवलंबून असते, आणि वाढ बऱ्याच अंशी इतर पिल्लांवर त्याचा वरचष्मा किती यावर अवलंबून असते. मेटकाफ आणि सहकाऱ्यांच्या १९८९ च्या अभ्यासात सुरुवातीपासून दांडगाई करणारी पिल्ले लवकर समुद्राकडे जाणाऱ्या गटात अधिक आढळली. दिनमान येथे तारीख ठरवते, आणि त्या तारखेला प्रत्येक मासा स्वतःची स्थिती पाहून एक मार्ग धरतो. सर्व शेवंत्या एकाच वेळी फुलतात, पण येथे सर्व मासे एकच गोष्ट करत नाहीत. म्हणून मला हा शब्द येथे खटकत नाही.

आम्ही याच गोष्टीचा व्यवसायात उपयोग करतो. पिल्लांना चोवीस तास उजेडात वाढवायचे, मग साधारण सहा आठवडे बारा तास उजेड आणि बारा तास अंधार देऊन ‘हिवाळा’ भासवायचा आणि पुन्हा चोवीस तास उजेड करायचा, म्हणजे सगळी पिल्ले एकदम समुद्रासाठी तयार होतात. रात्रीच्या दिव्याविषयी ऋतुवेध यांनी जे लिहिले, त्याचा अनुभव मी घेतलेला आहे. मी पूर्वी ज्या केंद्रात होतो, तेथे या कृत्रिम हिवाळ्यात एका दालनाच्या जिन्यातील दिवा रात्रभर चालू राहत होता आणि दाराच्या काचेतून त्याचा उजेड जवळच्या टाकीवर पडत होता. त्या टाकीतील मासे इतरांबरोबर चंदेरी झाले नाहीत. काही झाले, काही पट्टेरीच राहिले आणि एकमेकांचे पर कुरतडत बसले. कारण शोधण्यात आमचे दोन आठवडे गेले.

आणखी एक भेद येथे सांगायला हवा. समुद्रातील पिंजऱ्यांत सामन दिवसा गोल फिरणाऱ्या थव्यात पोहतात आणि अंधार पडला की थवा विस्कळीत होऊन पोहणे मंदावते. पाण्याखाली दिवे लावले तर रात्रीही थवा टिकतो आणि दिवा ज्या खोलीवर असेल त्याच्या आसपास जमतो. हा परिणाम त्या क्षणीच्या उजेडाचा असतो, कारण थवा धरायला शेजारी दिसावा लागतो. हेच दिवे हिवाळाभर लावून ठेवल्यास मासे वेळेआधी वयात येण्याचे प्रमाण घटते, आणि हा परिणाम दिनमानाचा असतो. नागोयाकर यांनी दिवा लावून प्रयोग केला, तर पहिल्याच संध्याकाळी जे दिसेल त्याला ऋतूचा परिणाम समजू नये.

उत्तर : ऋतुवेध

नेमकेबोल यांच्या मुद्द्याला मेदाकातीलच एक उदाहरण जोडते. तोक्यो विद्यापीठातील ओकुयामा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की मेदाका मादी आदल्या दिवशी काचेपलीकडून पाहिलेल्या ओळखीच्या नराला लवकर स्वीकारते आणि अनोळखी नराला बराच वेळ टाळते. मेंदूतील विशिष्ट चेतापेशींचा एक समूह ही निवड नियंत्रित करतो. मादी येथे स्मरणावर आधारित निवड करते, म्हणून यास निर्णय म्हणण्यात मला अडचण दिसत नाही. परंतु ही निवड तिच्यासमोर येते तीच मुळी अंडी तयार होण्याइतका दिवस मोठा असेल तेव्हा. डिसेंबरमधील मादीला ओळखीचा नर आणि परका नर यांत फरक करण्याचे काही प्रयोजनच नसते. शेवंतीचे उदाहरण या पहिल्या पायरीला लागू पडते, दुसऱ्या पायरीला नाही.

स्टिकलबॅकमध्येही हेच दिसते. हिवाळ्यात ते थव्याने राहतात. दिवस मोठे झाले की नर थवा सोडतो, त्याचा गळा लाल होतो, मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या चिकट प्रथिनाने पाणवनस्पतींचे तुकडे जोडून तो घरटे बांधतो आणि दुसऱ्या नराला हद्दीत येऊ देत नाही. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी याच लाल गळ्यावर प्रसिद्ध प्रयोग केले. दिनमानाला प्रतिसाद देणे हे सर्व स्टिकलबॅकांत सारखे नसते, ही त्याहून नवी माहिती आहे. जून कितानो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये समुद्रातून नदीत येणाऱ्या आणि कायम ओढ्यात राहणाऱ्या स्टिकलबॅकांची तुलना केली, तेव्हा अवटू (थायरॉइड) ग्रंथीला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या एका जनुकाचा दिनमानानुसार होणारा बदल समुद्री माशांत स्पष्ट दिसला, तर ओढ्यातील माशांत तो नाहीसा झाला होता. ज्याला ठरलेल्या मोसमात लांबचा प्रवास करायचा आहे, त्याला दिनदर्शिका हवी. ज्याला कोठेच जायचे नाही, त्याचे तिच्यावाचून अडत नाही.

उत्तर : खाडीकाठ

चर्चा वाचून आपल्याकडील माशांचा विचार मनात आला. मी रायगड जिल्ह्यात राहतो. आमच्याकडे पहिल्या जोरदार पावसात ओढ्यांना लाल पाणी आले की अंड्यांनी भरलेले मासे थव्याने उलट दिशेला, शेतांकडे चढू लागतात. कोणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कोणी वलगणीचे. जाणकार माणसे पाऊस पडताच कंदील आणि टोपल्या घेऊन बांधावर जातात. या माशांना दिनमानाशी काय देणेघेणे? मुंबईच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा, म्हणजे वर्षभराचा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. आमचे मासे पावसाची वाट पाहतात, घड्याळाची नव्हे.

अर्थात पहिल्या पावसाच्या दिवशी मासे अंड्यांनी भरलेले असतात, याचा अर्थ ती तयारी आधीच्या महिन्यांत, पाऊस नसतानाच झालेली असते, हे मला मान्य आहे. ती तयारी कशावरून होते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : ऋतुवेध

आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नावर दिल्लीत बरेच काम झाले आहे. सुंदरराज आणि वासल यांनी शिंगी माशाच्या, म्हणजे हेटेरोप्न्यूस्टेस फॉसिलिसच्या मादीवर प्रयोग करून १९७६ मध्ये दाखवले की अंडाशयाच्या वाढीवर दिनमान आणि तापमान या दोन्हींचा परिणाम होतो, पण तापमानाचे पारडे जड असते; पाणी उबदार असताना मोठ्या दिवसांमुळे वाढ लवकर होते. आपल्याकडे उन्हाळ्याची ऊब आणि वाढता दिवस जननग्रंथी तयार करतात आणि शेवटचा इशारा पुराच्या पाण्याचा असतो, असे म्हणायला हरकत नाही. रोहू, कटला, मृगळ यांचेही तसेच आहे. तळ्यात त्यांची अंडी तयार होतात, पण वाहते पुराचे पाणी न मिळाल्याने ती घातली जात नाहीत. म्हणून तर १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना अंडी घालायला लावले, तेव्हा तळ्यात मासे पाळणाऱ्यांचे पुराच्या पाण्यावरचे अवलंबन संपले. आपण जितके विषुववृत्ताकडे जाऊ, तितके दिनमानाचे वजन घटते आणि पावसाचे वाढते. नागोया या दोहोंच्या मध्ये नव्हे, तर स्पष्टपणे दिनमानाच्या बाजूला आहे.

प्रश्नकर्ता : नागोयाकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऋतुवेध यांनी दिव्याविषयी विचारले तेव्हा मी ‘नाही’ असे लिहिणार होतो, पण काल रात्री अकरा वाजता बाल्कनीत जाऊन पाहिले. आमच्या इमारतीच्या शेजारी वाहनतळ आहे आणि तेथील खांबावरच्या दिव्याचा तिरपा उजेड टबच्या साधारण निम्म्या भागावर पडतो. हा दिवा ऑगस्टमध्ये बदलला असून पूर्वीचा पिवळट दिवा जाऊन पांढरा एलईडी आला आहे. विशेष म्हणजे रात्री सर्व मासे टबच्या अंधाऱ्या अर्ध्या भागात होते. दिवसा ते तसे एकाच बाजूला जमत नाहीत.

त्या उजेडातही सप्टेंबरमध्ये अंडी बंद झालीच, त्यावरून तो मोठ्या दिवसाचा आभास निर्माण करण्याइतका प्रखर नसावा, किंवा मासे त्यापासून दूर राहत असावेत. तरीही आजपासून सूर्यास्तानंतर टबच्या त्या बाजूला प्लायवूडची फळी उभी करत आहे. डिसेंबरमध्ये दिवा लावण्याविषयी काय करावे?

उत्तर : ऋतुवेध

डिसेंबरमध्ये लावू नये. पाणी पाच-सहा अंशांवर असताना नुसता उजेड वाढवून अंडी मिळणार नाहीत, आणि तळाशी शांत पडून राहिलेल्या माशांना निष्कारण जागवल्यासारखे होईल. त्या तापमानात खाद्य पचत नसल्याने ते देणेही योग्य नाही. शिवाय काही दिसले नाही तर ते थंडीमुळे की दिनमानाचा काही परिणामच नसल्यामुळे, हे आपल्याला सांगता येणार नाही.

प्रयोगाची खरी वेळ ऑगस्टची अखेर ही आहे, कारण तेव्हा पाणी उबदार असते आणि दिवस मात्र घटत असतो. सारख्या आकाराचे दोन टब शेजारी ठेवावेत, दोन्हींत त्याच वर्षी जन्मलेले, सारख्या वयाचे मासे घ्यावेत, म्हणजे थकलेल्या माद्यांची शंका उरणार नाही. एका टबवर टायमरने पहाटे आणि संध्याकाळी उजेड देऊन दिवस चौदा तासांचा ठेवावा, दुसऱ्यावर तसाच पण न पेटणारा दिवा टांगावा, आणि दोघांच्या मध्ये उजेड झिरपणार नाही असा पडदा असावा. दिव्याची उष्णता पाण्यात उतरत नाही ना, हे दोन्ही तापमाने टिपून पाहावे. मोजणी दुपारी, दोन्ही टबांवर सारखाच सूर्यप्रकाश असताना करावी, म्हणजे फ्योर्डकाठी यांनी सांगितलेला क्षणिक उजेडाचा परिणाम मोजणीत शिरणार नाही. खाद्य टाकल्यापासून पहिला मासा वर येईपर्यंतचे सेकंद, पाच मिनिटांतील पाठलागांची संख्या आणि सकाळी अंडी असलेल्या माद्या, एवढ्या तीनच गोष्टी मोजाव्यात. शक्य असल्यास चित्रीकरण करून मोजणी घरातील अशा व्यक्तीकडून करून घ्यावी, जिला कोणता टब कोणता हे माहीत नाही.

प्रश्नकर्ता : नागोयाकर

मोजणीला आमची कन्या तयार आहे; ती दहा वर्षांची असून माझ्यापेक्षा अधिक काटेकोर आहे. दुसरा टब वसंतात घेईन आणि जून-जुलैमधील अंडी वेगळी वाढवून ठेवीन. लवकर जन्मलेली पिल्ले शरद ऋतूपूर्वी वयात येतात, असे येथील शेजारी सांगतात, त्यामुळे मासे मिळायला अडचण येऊ नये. फळी लावल्यापासून गेले दोन दिवस मासे रात्रीही टबभर पसरलेले दिसत आहेत. पुढील मोजणी हाती आल्यावर याच धाग्यावर लिहीन.